साठीनंतरचा वाटा

कौटुंबिक न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, समुपदेशक भोगलेबाईंच्या खोलीत हेमांगी आणि आल्हाद शेजारी शेजारी बसले होते. घटस्फोट गेल्याच आठवड्यात मंजूर झाला होता. लग्न टिकलं एकोणीस महिने. आता एकच वाटणी उरली होती: तेवढ्या काळात दोघांच्या पगारातून निवृत्ती निधीत जमा झालेली रक्कम.

पूर्वी ती निम्मी-निम्मी होत असे. आयुर्मान चाचणी आली आणि नियम बदलला. रक्ताच्या एका थेंबातून पेशी किती झिजल्यात, कोणता आजार दबा धरून बसलाय हे वाचून यंत्र माणसाच्या उरलेल्या वर्षांचा अंदाज बांधत असे. साठीनंतर ज्याला जास्त वर्षं काढायची, त्याला मोठा वाटा. वर्षांचा आकडा मात्र बंद पाकिटात राही आणि मागणाऱ्यालाच मिळे. दोघांनीही 'जाणून घ्यायचे नाही' या चौकटीत खूण केली होती.

भोगलेबाईंनी कागद पुढे सरकवला. हेमांगी: शंभर टक्के. आल्हाद: शून्य.

आल्हाद हसला. नियम वाचत बसायची सवय त्याला कधीच नव्हती.

"बरंच झालं. एवढ्याशा लग्नात वाटून काय घ्यायचं? तूच ठेव," असं म्हणत त्याने सही केली. "निघू मी? खाडीवरच्या पुलाची तपासणी आहे."

तो गेला तरी हेमांगी कागदाकडे बघत राहिली. चाचणीचं माहितीपत्रक तिने दोनदा वाचलं होतं. शून्याचा अर्थ एकच होता. यंत्राच्या मते आल्हाद साठी बघणार नव्हता. चौतीस वर्षांचा होता तो. पुढच्या वर्षी की एकोणसाठाव्या वर्षी, हे कागद सांगत नव्हता.

त्यांचं भांडण तरी कशावरून होतं? ती म्हणायची, चार दिवस कुठेतरी जाऊ. तो म्हणायचा, "आत्ता राबून घेऊ दे गं. रिटायर झालो की गुहागरला घर घेऊ. मग सकाळ-संध्याकाळ तुझाच." रविवारीसुद्धा तो पुलांवर असे. वाढून ठेवलेलं ताट झाकून ती वाट बघायची. शेवटी कंटाळून माहेरी निघून गेली. तिथेही संध्याकाळी रस्त्यावर स्कूटर थांबली की तिचा हातातला घास तसाच राहायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"अंदाज चुकतो का कधी?" तिने विचारलं.

"शंभरात चार-पाच वेळा," भोगलेबाई म्हणाल्या.

"मी त्याला सांगितलं तर?"

"सांगायला आम्हाला मनाई आहे. तुम्हाला नाही. पण त्यांनी स्वतःच नको म्हटलंय, मॅडम. तेवढं लक्षात ठेवा."

हेमांगी जिन्याने धावतच खाली आली. आल्हाद स्कूटरची चार्जिंगची वायर काढत होता.

"आल्हाद, आज नको ना जाऊस कामावर."

असं ती पूर्वी कितीदा म्हणाली होती. तो दरवेळी घड्याळाकडे बघायचा. आज त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि साइटवर कळवलं की आज जमणार नाही.

"का गं?" तो म्हणाला. "काय झालंय?"

त्याच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. ते मागे सारायला तिचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातच थांबला. सांगितलं तर तो थांबेल, सुट्टी घेईल, कदाचित परतही येईल. पण मग रोज सकाळी उठून तो दिवस मोजेल. नाही सांगितलं तर तो पुन्हा पुलांवर जाईल आणि साठीची वाट बघत राहील.

आणि हे उरलेले दिवस तिला नक्की कुणासाठी हवे होते? त्याच्यासाठी, की स्वतःसाठी?