सरकायचं कुणी?

मेंदूची चित्रं टिपणाऱ्या मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून कानातली काढून मी समोर दिसलेल्या पहिल्या तळहातावर ठेवली. तो तळहात मस गालिहचा (आमच्या जावात पुरुषाला आदराने मस म्हणतात, बाईला म्बाक), हे नंतर कळलं. जोग्जा शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत तो नवा. मी स्वयंसेवकांच्या वेळा लावणारी, जुनी. ठरलेला माणूस आला नाही की आमच्यातल्याच कुणीतरी मशीनमध्ये आडवं व्हायचं, ही इथली रीत. कानातली परत मिळाली ती रुमालात गुंडाळून. बस, एवढंच... तरी त्या रुमालाला लवंगेचा वास होता, हे माझ्या ध्यानात का राहावं?

माझी मुलगी सेकार तेव्हा चार वर्षांची. तिचे बाबा समुद्रापलीकडे कालिमंतानला कामाला गेले, ते तिकडचेच झाले. अशा बाईने रुमालाचे वास लक्षात ठेवू नयेत.

वर्षाने माझा मेंदू पुन्हा टिपला; कानातली याही वेळी गालिहकडेच दिली. मशीन पूर्वीसारखंच टिपतंय ना, हे पाहायला जुनं आणि नवं चित्र एकमेकांवर बसवतात. एक स्थिर ठेवायचं, दुसरं सरकवायचं. गालिहने दोन्ही उघडली – जुनं करडं, त्यावर नवं केशरी. चित्रांना नाव नसतं, ओळख पटू नये म्हणून चेहराही पुसलेला; नुसते क्रमांक. तो पडद्याकडे बघत होता की पडद्यावरच्या माझ्या प्रतिबिंबाकडे, मला कळेना.

आणि चित्रं जुळेनात. त्याने फिरवली, सरकवली. केशरी मेंदू करड्याच्या आत चहूकडून तोकडा पडत होता.

वर्षभरात माझा मेंदू आक्रसला? हल्ली डोकं दुखतं खरं. आई डोक्याच्याच दुखण्याने गेली. सेकारला कोण सांभाळेल?

गालिहने ताणून बसवायचं बटण दाबलं. केशरी रंग ओढला गेला, घड्या घड्यांवर बसल्या.

“बघा, बसलं,” तो पुटपुटला.

“ताणल्यावर काय, काहीही बसतं,” मी म्हटलं.

त्याने क्रमांक पाहिले आणि त्याचे कान लाल झाले. करडं चित्र माझं नव्हतंच. ते त्याचं होतं.

“म्हणजे मी इथे मरायला टेकले, आणि तुम्ही –”

“तुमच्या चित्राच्या शेजारीच ठेवलं होतं, म्बाक रेत्नो. उघडताना चुकून...”

“शेजारी कसं? क्रमांक तर कितीतरी लांबचे.”

“ठेवलं चुकून नव्हतं,” तो खाली बघत म्हणाला. “उघडलं तेवढं चुकून.”

मग त्याने माझं जुनं चित्र आणलं. जरासं सरकवताच नवं त्यावर असं बसलं की कड दिसेना. मी रडले. सुटकेने, की रागाने, की... आणखी कशाने?

त्याने आल्याचा गरम काढा पुढे ठेवला. तो मी घोट घोट संपवला. मग म्हटलं, की मला मुलगी आहे, आणि कुणाच्या मापात बसायला मी स्वतःला एकदा ताणून पाहिलंय, आता नाही.

“तुम्ही दोघी स्थिर,” तो म्हणाला. “सरकायचं मी.”

सेकारची शाळा सुटत आली होती. गालिहने खिशातून रुमाल काढला. त्यात माझी कानातली. मी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

“राहू द्या. शाळेच्या फाटकाशी येऊन द्या,” मी म्हटलं. “आणि हे कोण म्हणून सेकारने विचारलं, तर उत्तर तुम्हीच द्यायचं. मला येत नाही.”