समेवर चुकायचं ठरलं होतं

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून निघालेल्या जीपमध्ये चौदावं माणूस कोंबलं गेलं, आणि त्याची कोरी ढोलकी राजश्रीच्या मेथीच्या जुड्यांवर टेकली.

"अवो, माझी भाजी!"

"क्षमा असावी," तो घाबरून म्हणाला. "भिमाजी शाहीर यांचे निवासस्थान आपणांस ठाऊक आहे काय?"

अख्खी जीप त्याच्याकडे बघायला लागली. असलं मराठी इथं फक्त शाळेच्या पुस्तकात होतं. राजश्रीला हसू आवरेना.

"ठाऊक हाय की. शाहीर माझे आबाच!"

तो रवीन, मॉरिशसचा. त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि तिकडचेच झाले. पणजोबांचं गाव शोधायला त्याला भरपूर मुदत हवी होती. नुसतं हिंडायला आलं तर महिन्याभरात परत जावं लागलं असतं. राजश्रीच्या वडलांचं, आबांचं, कलापथक नोंदणी झालेलं. तिथं ढोलकीच्या चार महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा कुठं लांबचा व्हिसा मिळाला.

"म्हंजी ढोलकी नुसतं निमित्त?" राजश्रीनं एकदा त्याला पकडलंच.

"होती... निमित्त."

"आन् आता?"

"आता—" तिच्याकडे बघता बघता त्याचा ठेका चुकला. "आता बोटांना फोड आले आहेत."

पणजोबांचं गाव दुसऱ्याच महिन्यात सापडलं. चार दिवस तिथं राहून रवीन परत आला तो थेट आबांच्या दारात. का, ते राजश्रीला कळत होतं; आणि तिच्या गालांकडे बघून ते तिच्या आईला, सिंधूबाईंनाही कळत होतं.

बघता बघता एप्रिल सरत आला, तशी राजश्री कॅलेंडरातले दिवस मोजायला लागली. पुण्याच्या व्हिसाच्या ऑफिसातून रवीन पडक्या चेहऱ्यानं परतला. मुदत वाढवायची तर 'शिक्षण अपुरं आहे' असं गुरूचं पत्र हवं होतं. रविवारी आबांच्या परीक्षेत पास झाला, की दाखला हातात आणि मंगळवारचं विमान.

आबांना गळ घालून उपयोग नव्हता. कच्च्याला ते पक्का म्हणत नसत आणि पक्क्याला कच्चा म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती. मग खरंच चुकणं एवढाच मार्ग उरला.

"दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला, बरोब्बर समेवर," राजश्रीनं बजावलं. "मी डोळ्यांनी खुणावते."

"किती चुकू?"

"आबांना ऐकू यील इतकं. इसरू नका बरं का!"

परीक्षेआधीच्या दोन दिवसांत तिनं तीनदा भाकरी करपवली.

रविवारी सकाळी समाजमंदिरात परीक्षा झाली. आबांची रीत ठरलेली. शिष्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ते बसायचे. तोंड दिसलं की माया आडवी येते म्हणायचे; पाठ केली की नुसता हात ऐकू येतो. गायला राजश्री होती, आबांनीच रचलेलं गाणं.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं सुरू झालं तशी तिनं त्याच्याकडे नजर लावली. शेवटची ओळ आली. तिनं डोळे मोठे केले, आता... चुका ना! आणि त्या काळजीत तिचाच श्वास तुटला. सूर हलला, मात्रा निसटली.

रवीनची बोटं क्षणभर थांबली. मग त्यानं हलकेच थाप दिली, तिला वाट करून दिली आणि अलगद समेवर आणून सोडलं.

गाणं संपलं. आबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "पास. राजू, तू घसरलीस आन् यानं हात दिला. याला कच्चा कसा लिवू? जा, दाखला लिव."

बाहेर ओट्यावर बसून ती दाखला लिहायला लागली. शाईवर टपकन थेंब पडला.

"का न्हाई चुकला?"

"चुकणारच होतो. पण आधी तुम्ही चुकलात. दोघेही चुकलो असतो, तर गाणे पडले असते. तुमचे गाणे... मला ते पाडता आले नाही."

राजश्रीला रागही आला, आणि इतका जीव याआधी कुणावर जडला नव्हता हेही त्याच घटकेला कळलं.

रवीननं खिशातून घडी घातलेला कागद काढला. व्हिसाचा नवा अर्ज. "येण्याचा उद्देश. मागच्या खेपेस इथे ढोलकी लिहिली, ते खोटे होते. या खेपेस खरे लिहायचे आहे."

"मग लिवा की."

"तुमची परवानगी लागेल. आणि... आबांची."

आतून आबांचा आवाज आला, "मी अजून भिंतीकडंच बघतोय! काय लिवायचं ते झटक्यात लिवा!"

राजश्रीनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या वळणदार हातानं रकान्यात दोनच अक्षरं काढली. लग्न.

रवीननं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हा अर्ज इंग्रजीत भरायचा असतो," तो हळूच म्हणाला.

"मग दुसरा आणा," राजश्रीनं कागदाची घडी घातली. "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाईल. तुम्ही येस्तवर."