गार बाटली

झुंबरलाल शेठ जळगावचे केळीचे वाहतूकदार. माणूस दिलदार, पण एका बाबतीत कुणाचं ऐकत नसत. ड्रायव्हरनं आधी डॉक्टरांकडे लघवी तपासून घ्यायची, मगच ट्रकची चावी. हा नियम वना क्लीनर गेला तेव्हापासूनचा. निंबा ड्रायव्हर अफूच्या गुंगीत ट्रक मागे घेत होता. वना पाठीमागे उभा राहून "येऊ दे... येऊ दे..." म्हणत होता. मग थांब म्हणून त्यानं पत्र्यावर थापा मारल्या. निंबाचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. वनाला भिंतीवरून खरवडून काढावं लागलं.

निंबा पाया पडला, शपथा घेतल्या, म्हणून शेठनी त्याला ठेवून घेतलं.

"अफू घेतलेल्याचे डोळे उघडेच असतात, शेठ," डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. "पाय तेवढा उशिरा जागा होतो. आपण तपासायचं ते ट्रकमागे उभा असेल त्याच्यासाठी."

त्या दुपारी ट्रक भरून उभा होता. माल सुरतेला वेळेत पोचला नाही तर घड काळे पडणार. शेठ स्वतःच निंबाला डॉक्टरांकडे घेऊन गेले. निंबा बाटली घेऊन संडासात शिरला. आतून कुजबुज ऐकू आली. बाहेर आला तो घामानं निथळत.

डॉक्टरांनी बाटली उचलली आणि चटका बसावा तशी खाली ठेवली.

"बर्फासारखी गार आहे. अंगातून आत्ता निघालेली कोमट लागते. कुणाची आणलीस रे?"

"नही साहेब. बठ्ठा खिसा तपासी ल्या."

खिसे रिकामे. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर अफूचा मागमूस नाही.

"थोडं थांबा, पुन्हा घेऊ," डॉक्टर म्हणाले.

शेठ हसले. "अहो, थंडी केवढी पडलीय! तुमची पट्टी वाळेपर्यंत माझी केळी पिकतील." आणि त्यांनी चावी निंबाच्या हातावर ठेवली.

शेठनाही धुळ्याला लग्नाला जायचं होतं. त्यांची जीप पारोळ्याजवळ आली तेव्हा सूर्य टेकला होता. एका गोदामाच्या भिंतीपाशी माणसं जमलेली. ट्रक आपलाच. त्याची पाठ भिंतीला भिडलेली, आणि मधे निंबा. छातीखालचा निंबा उरलाच नव्हता. फळीच्या फटींतून लोंबणाऱ्या केळीच्या पानांवरून लाल ओघळ गळत होते.

"गाडी कोण चालवत होतं?" शेठ ओरडले.

नवा क्लीनर समोरच्या टपरीवर चहाचा कप हातात धरून थिजला होता. केबिन रिकामी. चावी निंबाच्याच मुठीत. इंजिन मात्र चालू होतं.

निंबाचे ओठ हलले. "शेठ... संडासमा... वना व्हता. म्हने, तुनी नको, मनी बाटली ले... साफ शे..." तोंडातून रक्ताचा बुडबुडा फुटला. "मी थापा मार्‍यात, शेठ... तेनी आयकं नही..."

ट्रकच्या पत्र्यावर त्याच्या तळव्यांचे लाल ठसे होते. एकावर एक.

दुसऱ्या दिवशी शेठ डॉक्टरांकडे गेले. ती बाटली रात्रभर फ्रिजमध्ये होती. डॉक्टरांनी ती बाहेर काढली आणि शेठच्या तळहातावर ठेवली.

कोमट होती, अंगातून आत्ता निघाल्यासारखी.