चेंडूसाठी आवाज

"हनुवटी इथे टेकवा. लांबवर जाणारा रस्ता दिसेल, त्याच्या टोकाला एक फुगा. फुग्याकडेच बघत राहा."

"हा फुगा धूसर होऊन परत स्पष्ट कसा होतो हो? आत मोटर आहे?"

"हलू नका."

"बारीक आवाज येतोय... मोटरच आहे!"

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. घाबरणारी, घाई करणारी, अक्षरं पाठ करून येणारी अशी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं तिनं पाहिली होती. पण आपला नंबर किती आला ते न विचारता यंत्राच्या पोटाखाली वाकून बघणारा हा पहिलाच.

"उघडून दाखवू का?" तिनं विचारलं.

"खरंच?" त्याचा चेहरा असा उजळला, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"अहो, थट्टा केली!"

तेवढ्यात धप्प आवाज झाला. टेबलाखालून निघालेला तपकिरी कुत्रा स्टुलावर आपटला होता. तो कळवळला नाही की भुंकला नाही. जिथे होता तिथेच मुकाट बसून राहिला.

"हा चेंडू," तिचा आवाज खाली आला. "लहानपणी अगदी गोल होता म्हणून हे नाव. दोन्ही डोळ्यांचे पडदे गेलेत त्याचे. बाकी तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात. पण सारखा आपटतो ना... आता हलायलाच घाबरतो. पाण्याचं भांडंसुद्धा तोंडाजवळ न्यावं लागतं. मी जगाचे नंबर काढते, आणि माझ्याच घरात..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

तो चेंडूजवळ फरशीवर बसला. हात पुढे करून त्याला हुंगू दिला.

"कान कसे आहेत?"

"कान? बिस्किटाचा पुडा शेजारच्या घरात उघडला तरी कळतं त्याला."

"मग झालं तर!" तो म्हणाला. "मी खेळण्यांच्या कारखान्यात आहे. बाहुल्यांना रडवतो, आगगाड्यांना शिट्ट्या देतो. चेंडूला घर ऐकू येईल असं केलं तर?"

रविवारी तो खरंच तिच्या घरी आला. पिशवीत काडेपेटीएवढ्या डब्या, वायरींची भेंडोळी आणि सोल्डरिंगची कांडी. चेंडूच्या गळपट्ट्यात त्यानं बटणाएवढं काहीतरी बसवलं. चेंडू चार-पाच पावलांवर आला की डबी हळूच वाजणार! पाण्याच्या भांड्यापाशी टप्... टप्..., अंथरुणापाशी मंद गुणगुण, दारापाशी किणकिण. प्रत्येक जागेचा आवाज वेगळा.

"घराचं खेळण्यांचं दुकान करणार तुम्ही, घंटीवाले," तिची आई सोफ्यावरून म्हणाली. त्या दिवसापासून त्याचं नाव घंटीवालाच पडलं.

पहिल्या दिवशी चेंडूनं पाण्याच्या भांड्यावर भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या रविवारी तो अंथरुणातून उठेचना. घंटीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं आवाज बारीक केले, एक डबी भिंतीवरून काढून खाली लावली. मग तिला भांड्यापाशी बसायला सांगून स्वतः चेंडूच्या शेजारी पालथा पडला.

"तुम्ही काय करताय?"

"त्याच्या उंचीवरून ऐकतोय. इथून पंख्याचाच आवाज मोठा वाटतो. पंखा बंद करा बरं."

पंखा थांबला. खोलीत शांतता पसरली. चेंडूचे कान उभे राहिले. त्यानं एक पाय पुढे टाकला... मग दुसरा. मधेच थबकला. हाक मारायची नाही, असं ठरलं होतं. हाक ओठांवर आली तशी तिनं गिळली. टप्... टप्... चेंडूनं मान वळवली, खुर्चीला वळसा घातला आणि भांड्यात तोंड घालून लपलप पाणी प्यायला लागला.

आईनं पटकन पाठ फिरवली. "कांदा चिरायचाय मला," ती म्हणाली. हातात कांदा नव्हता.

चेंडू महिन्याभरात घरभर हिंडायला लागला. सगळं कसं छान झालं. आणि मग रविवार उजाडायचा, पण दाराशी कुणी यायचं नाही. यायला कारणच उरलं नव्हतं ना! 'सहज या' म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. दोनदा तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा मात्र...

"दारातली डबी वाजत नाहीये."

तो अर्ध्या तासात हजर. केस विंचरलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. उंबऱ्यात उकिडवा बसून त्यानं डबी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"यातली बॅटरी कुणीतरी काढलीये."

"चेंडूनं काढली असेल."

"स्क्रू सोडवून?"

"हुशार आहे तो," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं.

तो हसला नाही. डबीचं झाकण बोटांत फिरवत राहिला. "एक सांगू? रागावणार नसाल तर... बाकी सगळीकडे नव्या बॅटऱ्या आहेत. या एका डबीत मी वापरलेली घातली होती."

"का?"

"लवकर संपेल, तुमचा फोन येईल असं वाटलं. पण मेली संपतच नव्हती!"

ती खळखळून हसली. हसता हसता दाराला टेकली.

"थोडे दिवस थांबला असतात ना," तो म्हणाला, "तर आपोआपच बंद पडली असती."

"हो... पण मला नाही थांबवलं."

बोलून गेली आणि तिला कळलं, आपण काय बोललो ते. त्यानं वर पाहिलं. झाकण कुठेतरी खाली पडलं. त्याच्या बोटांनी तिची बोटं धरली — आधी नुसती टोकं, मग पूर्ण हात.

"उद्या येशील?" तिनं विचारलं. एकेरी कधी आलं, तिचं तिलाच समजलं नाही.

"येईन. पण काकूंना काय कारण सांगू?"

"मला काही सांगायला नकोय!" आतून आईचा आवाज आला. "आधी दारातून बाजूला व्हा दोघं. चेंडू केव्हाचा बाहेर जायचं म्हणून उभा आहे."

दोघं घाईघाईनं बाजूला झाले. एकाच बाजूला.