फेसावर चारोळीचे तीन दाणे

त्या दुपारी सतराव्या दाराची कडी वाजवताना नयनचा हात भरून आला होता. काखेत मतदार यादीचे फॉर्म, चपलेचा अंगठा तुटायला आलेला, घशाला कोरड. सकाळी शाळा, दुपारी ही घरोघरची फिरती... तीन आठवडे असंच चाललं होतं. लोहाऱ्यातल्या या घरातून मात्र वेगळाच आवाज येत होता — खडखड, खडखड, डब्यात कुणी गोटे घालून हलवावेत तसा.

दार उघडलं. समोर तिशीतला एक उंच माणूस. टॉवेलात गुंडाळलेली स्टीलची बाटली खांद्याशी धरून तो ती जीव खाऊन हलवत होता.

"एक मिनिट, मॅडम — आता थांबलो तं फेस जाते!"

नयन उंबऱ्यात उभी राहिली. त्यानं बाटली ग्लासात रिकामी केली. काळं पाणी, वर चार बुडबुडे. तेही फुटले. त्याचा चेहरा इतका पडला की तिला हसू आवरेना.

"हसा नं जी. सातवा गिलास आहे हा."

"आहे काय पण हे?"

"कॉफीचं कॉकटेल." त्यानं आवाज खाली आणला. "व्होडका, कॉफी, गुळाचा पाक आन् बर्फ. तुम्ही शाळेतल्या मॅडम दिसता... कोनाले सांगू नोका."

"मी फक्त नावं लिहून राह्यली. दारूचा रकाना नाही माझ्या फॉर्मात."

आता तो हसला. थकलेल्या माणसाचं हसू — डोळ्यांपर्यंत पोचायला जरा वेळ लागणारं.

नाव प्रेमसिंग राठोड. आईचं नाव रुपीबाई. पुण्याच्या एका हॉटेलात त्यानं सहा वर्षं बार सांभाळला होता. आईला लकवा मारला आणि तो सगळं सोडून आला. आता इथल्याच एका कारखान्यात रात्रपाळीला बारा तास खोकी भरायचा. वर्षभरात रुपीबाई भिंत धरून चालायला लागल्या होत्या, आणि पुण्यातल्या एका नव्या हॉटेलानं त्याच्याकडे व्हिडिओ मागितला होता : घरच्या सामानात, घरच्या ओट्यावर, कॉफीचं एक कॉकटेल. रविवारी पाचच्या आत.

"फेसच नाही आला तं कोन बोलावते?" तो म्हणाला, आणि व्होडका न घालता एक ग्लास बनवून त्यानं तिच्यापुढे धरला. कडू, गार, मागून गुळाची गोडी... चौकटीला टेकून नयननं तो संपवला. दिवसभरात तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

रुपीबाईंचा फोटो राहिला होता म्हणून ती मंगळवारी पुन्हा गेली. गुरुवारी काहीच राहिलं नव्हतं, तरी गेली.

"आज काय राह्यलं, मॅडम?" त्यानं विचारलं.

"सही... तपासायची होती."

"तपासा नं. हातच तपासा."

तिनं मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. पलंगावरून रुपीबाई म्हणाल्या, "बाई, तूच सांग त्याले. दारूत कॉफी! ते पिऊन मानूस झोपते का उठते?"

"दोनी, याडी," प्रेमसिंग आईला म्हणाला. "ज्याले झोपाचंय आन् ज्याले झोपता येत नाही, त्याच्यासाठी आहे ते."

नयननं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आपल्याविषयीच बोलतोय असं तिला वाटून गेलं. रात्रभर खोकी उचलून त्याचे हात थरथरत होते, बाटली अर्ध्यातच मंदावत होती. तिनं ती त्याच्या हातून काढून घेतली.

"कॉफी कधीची आहे?"

"सकाळची. थंड करून ठेवली."

"शिळ्या कॉफीले फेस कायचा? ताजी कर, कडक." बर्फाचाही चुरा काढून तिनं मोठे खडे घातले. मग पाढे म्हणत बाटली हलवली — बारा एके बारा, बारा दुणे चोवीस... बारा दाहे एकशेवीसला तिचा दम संपला. त्यानं ओतलं. वर बोटभर फेस चढला, मऊ, बदामी, न फुटणारा. मग त्यानं कॉफीचे दाणे नव्हते म्हणून चारोळीचे तीन दाणे अलगद त्यावर ठेवले. ते बुडाले नाहीत.

रविवारी दुपारी नयननं आपला फोन धरला. त्याच्या फोनचा कॅमेरा फुटका होता. पहिल्या खेपेला तो पाठ केल्यासारखा बोलला. दुसऱ्या खेपेला त्याहून वाईट.

"कॅमेऱ्याले नको सांगू," ती म्हणाली. "मले सांग."

मग तो तिला सांगत गेला. कॉफी किती कडक, पाक किती पातळ, बाटली कुठवर हलवायची. फोनच्या चौकटीत त्याचे डोळे थेट तिच्याकडे लागलेले... तिचा हात हलू नये म्हणून तिनं श्वास धरून ठेवला.

साडेचारला तो कामावर गेला. व्हिडिओ पाठवायचा तिच्यावर सोपवून.

नयन झोपलेल्या रुपीबाईंच्या पलंगाच्या कडेला बसून राहिली. नाही पाठवला तर? नेट नव्हतं म्हणता येईल. तो इथंच राहील, खोकी भरत, लोहाऱ्यात, तिच्यापासून दोन गल्ल्यांवर. पावणेपाच झाले. तिला त्याचे थरथरणारे हात आठवले. तिनं बटण दाबलं आणि मग कितीतरी वेळ फोन मांडीवर पालथा ठेवला.

आठ दिवसांनी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता.

"झालं," तो म्हणाला. "एक तारखेले बोलावलं. याडी काही महिने ताईकडे राहीन म्हणते, दारव्ह्याले."

"मग जा."

"तू म्हणशीन तं नाही जात."

"मी नाही म्हणत तसं." तिनं पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "तुझ्यासाठी थांबलो होतो, हे मले दहा वर्षांनी ऐकाचं नाही. मी पण इथली नोकरी टाकून येत नाही लगेच. बदली मागीन... दोन वर्षं लागतीन, तीन लागतीन."

"लागू दे. मी पंधरा दिवसांनी येत जाईन. ट्रॅव्हल्सनं रात्रभर बसून."

"थकशीन."

"थकलेलाच आहो मी, नयन. इथं थकलो, तिथं थकीन." तो एक पाऊल पुढे आला. "तुझ्यापाशी येऊन थकलो तं काहीतरी वाटीन तरी... लग्नाचं विचारू का?"

मुलांचा शेवटचा घोळका धूळ उडवत निघून गेला. नयननं फाटकाला कुलूप लावलं, फॉर्मांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि पायरीवर बसत म्हणाली,

"विचार. पण बसून विचार... माझे पाय लई दुखून राह्यले."

तो तिच्या शेजारी बसला. आणि त्यानं विचारलं.