बेडकाची चौथी पिन

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. पटवायला बसलेली नाही मी. माझ्या कानांनी जे ऐकलं तेवढंच सांगते.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्याने तर नीट वाचावं. गुरुवार होता. दुपारचे तीन. डोक्यावर कडक ऊन. जागा… माझ्या मामाचं भंगाराचं आवार.

त्या दिवशी क्रेनवरून 'बेडूक' उतरला.

बेडूक म्हणजे गाडी. रुळांवरही धावेल आणि चिखल-खडकातूनही जाईल अशी गाडी बनवायची बाबांच्या कारखान्यातल्या साहेबाला भारी हौस. एकच बनली. मोठाले रबरी टायर, आणि पोटाखाली चार लोखंडी चाकं. रुळांवर आलं की ती चाकं खाली सोडायची, आणि वर सरकू नयेत म्हणून प्रत्येकाला एक पिन ठोकायची.

चाचणीचे ड्रायव्हर माझे बाबा.

चार वर्षांपूर्वी चाचणीतच पुढचं चाक वर सरकलं. बेडूक रुळांवरून थेट खड्ड्यात. बाबा गेले.

साहेबाने अहवालात लिहिलं, ड्रायव्हर पिन लावायला विसरला.

विसरला!

जो माणूस घराची कडी लावल्यावरही तिच्यावर बोटाने ठोकायचा. टक टक… टक. दोन ठोके ऐकायला. तिसरा म्हणजे 'झालं, चला'. पिनांवरही हातोडीने तसंच. तो विसरला?

वर्गातला एक जण रोज विचारायचा, "काय गं, आज पिन लावली का?" एक दिवस त्याचं नाक फोडलं. शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून मामाच्या आवारात कामाला.

पण खरं सांगू? मनातून माझाही विश्वास बसला होता त्या अहवालावर. बाबांवरच राग धरून बसले होते मी. चार वर्षं.

मामा म्हणाला, "पोरी, आज तू घरी जा. हा मी कापतो."

"का? माझ्या बापाला खाल्लंय याने. मीच कापणार."

"आधी तुझ्या जिभेला कटर लावायला पाहिजे."

साहेब स्वतः आला होता. भंगारासाठी एवढा मोठा माणूस? तोही उन्हात? रुमालाने मान पुसत म्हणाला, "पुढची डावी बाजू आधी कापा."

"तीच का?"

"सांगितलं तेवढं कर."

मी गॅस कटर घेऊन गाडीखाली सरकले. ज्योत पेटवली.

विझली.

परत पेटवली. परत विझली. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं.

मग लक्षात आलं… आवाजच नाहीत. शेजारचा ग्राइंडर, कावळे, रस्त्यावरचे हॉर्न. सगळं गप्प.

आणि मागच्या चाकापाशी…

टण टण… टण.

"मामा, मस्करी नको हं!"

"मी इकडे पुढे आहे गं." मामाचा आवाज चिरकला होता.

मागचं दुसरं चाक. टण टण… टण.

पुढचं उजवं. टण टण… टण.

गाडीखालून मला चारही बाजू दिसत होत्या. फक्त मामाच्या चपला आणि साहेबाचे बूट. बाकी कुणाचेच पाय नव्हते.

मग अगदी माझ्या तोंडासमोर… पुढचं डावं.

थड… थड.

बद्द आवाज. तडा गेलेल्या मडक्यासारखा. मी श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघितली.

आलाच नाही.

साहेबाचे बूट एक पाऊल मागे सरकले. वरून त्याचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"त्या दिवशीही… दोनच वाजवले होते त्याने."

माझं डोकं सणकलं. स्क्रू-ड्रायव्हरने त्या जागेवरचा रंग खरवडला. इतर कुठेही नव्हता एवढा जाड थर. खाली भोक. भोकात पिनेचा अर्धा तुकडा अडकलेला. तुटलेलं तोंड अर्धं काळं गंजलेलं, अर्धं करडं. भंगारात दिवस जातो माझा, एवढं कळतं. तडा आधीपासूनच होता.

तुकडा ठोकून काढला आणि बाहेर आले.

"विसरले होते ना ते? मग ही काय भोकात उगवली?"

"इकडे दे ती."

"तडा ऐकू आला होता त्यांना. म्हणून तिसरा ठोका मारलाच नाही. मग गाडी कुणी काढायला लावली? बोला ना!"

साहेब मागे मागे सरकत आपल्या गाडीत बसला आणि गेला. आणि एरवी मला दहादा गप्प करणाऱ्या मामाने… कटर उचलून आत ठेवला.

कारखान्यात तुकडा दाखवला. म्हणाले, भंगारात अशा छप्पन पिना पडलेल्या असतात. साहेब म्हणतो, मी असं काही बोललोच नाही. अहवाल आहे तसाच आहे.

बेडूक अजून आवारात उभा आहे. मामा कापत नाही, मी कापू देत नाही.

आणि त्या दिवसापासून रोज, आईने कडी लावली की बाहेरून…

टक. टक.

दोनच. आई धावत जाऊन दार उघडते. कुणी नसतं. ती रडते, आणि माझ्या मुठी वळतात.

साहेब, हे तुम्ही वाचताय की नाही, माहीत नाही. पण एक सांगा…

तुमच्याही दारावर वाजतं का हो?

की तो तिसरा ठोका तुमच्यासाठीच राखून ठेवलाय?