मघाशी सांगून गेलेली बाई

हॉटेलात शिरलं की माणसं आधी पंख्याखालची जागा धरतात, मेन्यूकार्ड उलटंसुलटं करतात आणि शेवटी नेहमीचंच मागवतात. चिंगीची आई मात्र सरळ भटारखान्यात शिरायची. 'आत येऊ नये' अशी पाटी असली तरी शिरायची. वेटर आडवा आलाच, तर त्याला असा काही लुक द्यायची की तो बिचारा भिंतीला चिकटायचा. नवरा टेबलावरून म्हणायचा, "निघाल्या इन्स्पेक्टरीणबाई दौऱ्यावर!" आणि चिंगी खिदळायची.

पण बाईला ही काही हौस नव्हती हो. चिंगी तीन वर्षांची असताना शेजारच्या वाढदिवसाला कुणीतरी तिच्या हातात केकचा तुकडा ठेवला. त्यात शेंगदाण्याचं कूट होतं. दोन घास पोटात गेले नाहीत तोच पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. वाचली ते नशीब. डॉक्टरांनी बजावलं, हिला शेंगदाण्याचा एक कणसुद्धा पुरे आहे, आणि पुढच्या वेळी दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन बाईच्या पर्समध्ये असायचं आणि पर्स खांद्यावर. आंघोळीला जातानाही पर्स दाराच्या कडीला अडकवलेली.

"मग मुळात बाहेर जेवायचंच कशाला मी म्हणते," असं तिची सासू फोनवर म्हणायचीच. बरोबरच होतं तिचं. पण नवरा पडला खवय्या. आणि चिंगी सहा वर्षांची झाल्यावर एकदा म्हणाली, "सगळी मुलं हॉटेलात जातात. मीच काय पाप केलंय?" हे वाक्य तिनं कुठून उचललं देव जाणे, पण ते आईच्या काळजात जाऊन बसलं. मग बाईनं परवानगी दिली, पण आपल्या अटीवर.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या बुबुळात बघून बघून तिला एक खात्री झाली होती, की खोटं बोलणारा माणूस तोंडानं कितीही गोड बोलला तरी डोळ्यांत सापडतो. म्हणून ती आचाऱ्यासमोर उभी राहायची आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगायची. शेंगदाणा नको. शेंगदाण्याचं तेल नको. आणि दुसऱ्या कशात बुडालेली पळी माझ्या मुलीच्या जेवणात नको. मग ते सगळं त्याच्याकडून परत वदवून घ्यायची. आचारी वैतागायचे, पण ऐकायचे.

ही गोष्ट सुरू झाली ती एका रविवारी दुपारी, त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात. तिथला आचारी वयस्कर, खांद्यावर कायम ओला पंचा. बाई आत गेली तर त्यानं मान वर न करताच म्हटलं, "ताई, किती वेळा सांगाल? आत्ताच तर सांगून गेलात."

"मी आत्ताच येतेय काका."

"मग मघाशी काय माझी आजी आली होती?" तो हसला. "कढई बदलली, पळी बदलली. जा, बसा निवांत."

तिनं डोकावून बघितलं. खरंच, बाजूच्या शेगडीवर वेगळी घासलेली कढई होती आणि त्यात चिंगीचा भात परतला जात होता. ऑर्डर तर अजून दिलीच नव्हती. पण चिंगी तिथं दर रविवारी तोच भात खायची, तेव्हा त्यात नवल ते काय? टेबलावर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं.

"तुझा धाकच तसा आहे," तो म्हणाला. "त्याच्या स्वप्नातसुद्धा तू जाऊन दम देत असशील."

तीही हसली. त्या दिवशीचं जेवण छान झालं.

मग सुट्टी लागली आणि तिघं गाडी घेऊन फिरायला निघाली. पहिल्या दिवशी दुपारी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलाशी थांबली. या रस्त्यानं ती कधी आलीच नव्हती. काचेचं दार, टेबलांवर प्लास्टिकची फुलं, हात धुवायच्या जागी साबणाचा झिजलेला तुकडा. भटारखान्यात एक बाई कांदा चिरत होती. केसांवर जाळी, डोळ्यांतून धारा.

"झालं मॅडम," चिंगीच्या आईनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "वेगळ्या तव्यावर घेतलंय."

"काय घेतलंय?"

"मुलीचं. तुम्ही मघाशी सांगितलंत तसं."

"मी नाही सांगितलं. दुसरं कुणीतरी असेल."

आचारीणबाईनं मनगटानं डोळे पुसले आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थट्टा करताय का गरिबाची? हाच कुर्ता. हीच पर्स. पर्स उघडून ते इंजेक्शन दाखवलंत मला. म्हणून तर मी तवा तीनदा घासला."

चिंगीच्या आईचा हात आपोआप पर्समध्ये गेला. इंजेक्शन जागेवर होतं. ती त्या बाईच्या डोळ्यांत बघत राहिली. कांद्यानं लाल झालेले डोळे, पण खोटं त्यात काही नव्हतं.

टेबलावर आल्यावर तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं सॅलडमधली काकडी तोंडात टाकली. "अगं, तुझ्यासारख्या आया काय जगात कमी आहेत? सगळ्या एकाच माळेचे मणी."

"हाच कुर्ता घातलेल्या?"

"मग काय, दुकानदारानं तुझ्या एकटीसाठी शिवला होता?"

"अहो, मस्करी नको. मला भीती वाटतेय."

"कशाची? मुलीला जपतंय कुणीतरी, म्हणून?"

तिनं सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. एक म्हातारं जोडपं, दोन ट्रक ड्रायव्हर, फोनला चिकटलेला एक पोरगा. आपल्यासारखी बाई कुठंच नाही. जेवण आलं. तिनं आधी चाखलं, हुंगलं, मग चिंगीपुढे सरकवलं. पोरीनं ताटली चाटूनपुसून साफ केली, शेवटच्या घासाला हलणारा पुढचा दात तेवढा पडला, बाकी काही म्हणजे काही झालं नाही.

खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत बाईला थोडं बरंच वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं ती एकटी डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. कोण होती ती बाई, देवालाच ठाऊक. पण तिलाही तीच काळजी होती. असू दे की, असं तिच्या मनात आलं. एकीपेक्षा दोघी बऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं तळ्याकाठच्या हॉटेलाशी पोचली. वाटेत तिनं ठरवूनच टाकलं होतं, की आज आपण पहिलं पोचायचं. बघू या तरी मघाशी कोण येऊन जातं ते! गाडी नीट थांबायच्या आतच ती उतरली. चिंगीला दारापर्यंत नेलं, काचेजवळचं रिकामं टेबल बोटानं दाखवलं.

"तिथं जाऊन बस. बाबा गाडी लावून येतायत. कुणी काही दिलं तर तोंडात घालायचं नाही."

"माहितीये गं आई," चिंगी म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाई बाजूच्या दारानं धावतच भटारखान्यात गेली.

आत गेल्या गेल्या तिला वास आला. हा वास तिला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. भाजलेले शेंगदाणे.

आचारी तरुण होता, हसतमुख. मिक्सरच्या भांड्यातला घट्ट तपकिरी सॉस तो चमच्यानं काढत होता.

"हे कशासाठी?" तिनं विचारलं.

"तुमच्या मुलीच्या भातावर घातला ना, त्यातला उरलेला," तो म्हणाला. "छान झालाय. जरा जास्तच घातला, तुम्ही म्हणालात तसा."

"मी म्हणाले?"

"म्हणजे काय! आता तिला चालतं, बिनधास्त घाला, इतकी वर्षं पोर तरसलीय, असं म्हणालात. किती खुशीत होतात मॅडम. डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या."

"ताटली कुठंय?"

"गेली की मघाशीच."

ती धावली. मधलं दार तिनं खांद्यानं ढकललं, ते वेटरला लागलं, त्याच्या हातातले ग्लास फुटले. तिला काहीही ऐकू आलं नाही.

काचेजवळच्या टेबलावर चिंगी बसली होती. पुढ्यातली ताटली अर्धी रिकामी होती. ओठांच्या कोपऱ्याला तपकिरी सॉस लागला होता.

"थुंक! थुंक आधी!" तिनं पोरीच्या तोंडात बोट घातलं, दुसऱ्या हातानं इंजेक्शनचं टोपण उडवलं. "श्वास घे. मोठा श्वास घे, माझ्याकडे बघ!"

"आई, दुखतंय ना!"

नवरा गाडीची किल्ली फिरवत आत आला आणि जागच्या जागी थिजला. सगळं हॉटेल टेबलं सोडून बघायला लागलं. बाई चिंगीचे ओठ बघत होती. जीभ बघत होती. पापण्या, गळा, नखं बघत होती. मागच्या वेळी दोन घासांत पोर निळी पडली होती. आता अर्धी ताटली पोटात होती.

ओठ सुजले नाहीत. श्वास वाजला नाही. चिंगी नुसती रुसून बसली होती.

बराच वेळ गेला तेव्हा नवरा धपकन खुर्चीत बसला आणि चक्क रडायला लागला. "गेली गं! गेली ती ब्याद! डॉक्टर म्हणाले होते ना, काही मुलांची वयानुसार जाते म्हणून. वेटर, आइस्क्रीम आणा! सगळ्यात मोठं आणा!"

बाईनं इंजेक्शन अजून मुठीतच धरलं होतं. "चिंगे, तुला बजावलं होतं ना, खायचं नाही म्हणून?"

"तूच तर म्हणालीस खा." चिंगीनं डोळे मोठे केले. "त्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, आता चालतं."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"असं काय करतेस? हातावर टोचटोच केली होती ते. तू बाहेर येऊन रडलीस. बघ, अजून आहे."

तिनं बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत पुसट लाल ठिपक्यांची सरळ ओळ होती.

बाईनं या मुलीला कुठल्याच डॉक्टरकडे असं टोचून अॅलर्जी तपासायला नेलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी तिनं चिंगीला आंघोळ घातली होती. दोन्ही हात साबणानं चोळले होते. हातावर काहीसुद्धा नव्हतं.

"अहो, हिचा हात बघा."

"डास चावले असतील गं," नवरा डोळे पुसत हसला.

तिनं पोरीची हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं. तेच डोळे. तीच नजर, आईला ओळखणारी, थोडी रुसलेली. खोटं कुठंच नव्हतं.

"आई, अशी काय बघतेस?"

ही शेंगदाणे खाऊ शकते. ही चिंगी आहे, पण माझी नाही. हे तिच्या मनात आलं. मग माझी कुठंय?

आणि लगेच पुढचंही कळलं. माझी त्या मघाच्या बाईबरोबर गेलीय. ती बाई वाईट नव्हती. तीही आईच होती. तिला वाटत होतं की आपण आपल्याच मुलीचा हात धरलाय, बरी झालेल्या मुलीचा.

ती दाराकडे पळाली. काउंटरवरचा माणूस टूथपिकांची डबी भरत होता.

"एक बाई गेली का इथून? लहान मुलीला घेऊन?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. "मॅडम, तुम्हीच नाही का गेलात आत्ता? परत कधी आलात?"

"मुलगी... मुलगी काय करत होती?"

"रडत होती जरा." त्यानं काउंटरवरच्या बरणीकडे मान वळवली. बरणीत शेंगदाण्याची बिस्किटं होती, झाकण बाजूला पडलं होतं. "घेतच नव्हती. आई, मला नाही चालत, मला नाही चालत, असं म्हणत होती. पण तुम्ही किती गोडीनं समजूत काढलीत. घाबरू नकोस राणी, आता सगळं चालतं."

ती बाहेर आली. रखरखीत ऊन होतं. गाड्यांच्या रांगेत त्यांची गाडी उभी होती. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. तिच्या मुठीत टोपण काढलेलं इंजेक्शन होतं.

"चिंगे!" ती ओरडली. "चिंगे!"

मागून काचेवर टकटक झाली. आतून चिंगी आइस्क्रीमचा चमचा हलवून तिला बोलावत होती.

पायरीवर एक बिस्किट पडलं होतं. त्याचा एकच घास खाल्लेला होता. छोट्या दातांचे ठसे होते आणि मधोमध, कालच पडलेल्या दाताच्या जागी, तेवढं बिस्किट तसंच राहिलं होतं.